चौथं बोट

सकाळी बसथांब्यावर भिंगरीचा बाप भेटला आणि तिथेच माझं बिनसलं. तसं त्याने काही वाईट सांगितलं नाही. हसत हसत सांगितलं, आणि मला वाटतं ते हसणंच मला लागलं. तो खिडक्यांना काचा बसवतो. हातात एक मोठी काच होती, कडांना फडकं गुंडाळलेली, आणि खाली टेकवायला जागा नव्हती म्हणून तो जरा मागे रेलून उभा होता. "बाई, ती आता घरी पण बोटं धरून बोलते," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे वा." शिकवलेलं घरापर्यंत पोचलं की शिकवणाऱ्याच्या पोटात जे गोड गोड होतं, तेच झालं. तो म्हणाला, "हो ना. मागे एकदा गुडघा फोडून आली. विचारलं, काय झालं गं? तर हात पुढे केला. अंगठा धरला, म्हणाली, मी. पुढचं बोट धरलं, जिन्यात. मधलं धरलं, पडले. आणि चौथं बोट धरून जी उभी राहिली ती राहिलीच. अगं पुढे? तर म्हणते, थांबा, 'का झालं' ते नाहीये. मग सगळी बोटं मिटली आणि परत अंगठ्यापासून सुरू. इकडे रक्त गळतंय आणि हिची गोष्ट चालू." तो हसला, मीही हसले. मग त्याने काच या खांद्यावरून त्या खांद्याकडे कलती केली आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "आता तर सुरूच करत नाही. आधी मनातल्या मनात सगळी बोटं भरतात का बघते. नाही भरली तर गप्प. रविवारी आईला भेटायला नेली होती दवाखान्यात. तिचं पाठीचं ऑपरेशन झालंय ना, पडूनच असते. मी खाली औषधं आणायला गेलो. वर आलो तर ही खाटेशी उभी, ते चौथं बोट मुठीत, ओठ हलतायत, आवाज नाही. आई बिचारी वाट बघतेय, सांग बाळा, सांग. भेटायची वेळ संपली. नर्स म्हणाली, चला." मग तोच म्हणाला, "तक्रार नाही हं बाई. अक्षर केवढं सुधारलंय तिचं." तेवढ्यात माझी बस आली. काच घेऊन त्याला बसमध्ये चढता येणार नव्हतं, तो चालतच जाणार होता. मी चढताना तो मागून म्हणाला, "आज ती परीक्षा ना? दुपारी येतो मी तिला घ्यायला."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर काय चाललंय ते दिसेना. तक्रार नाही हं. माणूस तक्रार नाही म्हणतो तेव्हा काय असतं मग? ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मला कळतो; हा तसा नव्हता. त्याला खरंच तक्रार करायची नव्हती. त्याने एक गंमत म्हणून सुरू केलं होतं आणि बोलता बोलता ती गंमत राहिली नाही, हे त्याच्याही लक्षात माझ्याबरोबरच आलं असावं, म्हणून तो अक्षरावर घसरला. अक्षर. मी तिचं अक्षर सुधारायला नव्हते बसले. पुढच्या बाकावरच्या बाईच्या पिशवीतून एक पालेभाजीचा देठ बाहेर आला होता आणि बस वळली की माझ्या गुडघ्याला टेकत होता, आणि मला त्या बाईचा इतका राग आला की मी जागाच सोडली. उभ्याने प्रवास केला. दांडी धरायला हात वर केला तेव्हा बघते तर दुसऱ्या हाताची मूठ माझ्याच चौथ्या बोटाभोवती घट्ट. कधी धरलं होतं कोण जाणे.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. माझ्याकडे आली तेव्हा एका जागी बसायची नाही, बोलायला लागली की गरागरा, म्हणून मी ठेवलं आणि ते तिच्या घरापर्यंत गेलं. माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांना डॉक्टर लोक लांबलचक नाव देतात. मी आईबापांना एवढंच सांगते की शब्द आहेत, पण रांगेत उभे राहत नाहीत. अक्कल शाबूत असते. कधीकधी माझ्यापेक्षा जास्त. भिंगरी दारातूनच सुरू करायची, "बाई, भिजलं ना सगळं, तो हसला, मी नाही हसले, आता एकच आहे, बघा," आणि पाय पुढे करायची. मग मी खणायला बसायचे. कोण हसला? काय भिजलं? एकच काय? बराच वेळ खणलं की खाली गोष्ट लागायची: अंगणात कुणाची तरी बादली कलंडली, हिचा मोजा भिजला, तो वाळत घातला तो वाऱ्याने गेला. कागदावर तर त्याहून अवघड. चार शब्द या कोपऱ्यात, दोन त्या कोपऱ्यात, मधे एक मोजा काढलेला. आणि एक गोष्ट तिची मला पहिल्या आठवड्यातच कळली होती: सांगितलेलं ती जसंच्या तसं करते. एकदा मी घाईत म्हटलं, मी येईपर्यंत दाराकडे लक्ष ठेव. मधल्या सुट्टीत सगळी पोरं खेळून आली तरी ही दाराकडे बघत उभी, डबा न उघडता. तेव्हापासून तिच्याशी बोलताना मी शब्द तोलून वापरत आले. निदान मला तसं वाटत होतं.

तपासनीस साहेबांच्या तक्त्यावर पाच प्रश्न असतात. मुलाने लिहिलेल्या पानात कोण आहे, कुठे आहे, काय झालं, का झालं आणि शेवटी कसं वाटलं. वर्षातून एकदा ते येतात, प्रत्येक मुलाला एकट्याने एक पान लिहायला लावतात आणि त्या पाचांवर गुण देतात. जमलं तर मूल पुढच्या सत्रात शेजारच्या इमारतीत, साध्या वर्गात, सगळ्या पोरांमध्ये. नाही जमलं तर पुलापलीकडची शाळा. पाच प्रश्न आणि हाताला बोटं पाच, हे मला एका दुपारी फळा पुसताना सुचलं आणि मी स्वतःवरच लट्टू झाले. अंगठा कोण, पुढचं बोट कुठे, मधलं काय झालं, चौथं का, करंगळी कसं वाटलं. पाचही भरल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. आणि काय सांगू, चाललं की. जी पोरं कागद बघून पोटात दुखतंय म्हणायची ती बोटं धरून बसायला लागली. भिंगरीने पहिलं पान लिहिलं: मी. बागेत. झोका खेळले. कारण रांग नव्हती. मला छान वाटलं. मी ते पान शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवत फिरले. तिच्या बापाने ते काचेमागे घालून भिंतीवर लावलं. मग पानामागून पानं आली आणि प्रत्येकाच्या शेवटी छान वाटलं. दात काढला त्या दिवशीही छान वाटलं. कुत्रं भुंकलं तरी छान वाटलं. मला दिसत नव्हतं असं नाही. पण करंगळीला गुण होते आणि मला ते गुण हवे होते, तिच्यासाठी हवे होते, कारण पुलापलीकडची ती शाळा मी पाहिली आहे. वाईट नाही. स्वच्छ आहे, भिंतींना फिका रंग आहे, बायका प्रेमळ आहेत. मुलं मोठ्या टेबलांभोवती बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी करतात, पाकिटं चिकटवतात. कुणी त्यांना काही लिहायला सांगत नाही आणि कुणी त्यांना काही विचारतही नाही. इतकी शांतता मी शाळेत कधी ऐकली नाही. भिंगरीला तिथे एकदा नेऊन आणलं होतं. येताना पुलावर ती एवढंच म्हणाली, "मला नको. तिकडे फळा नाही."

म्हणजे आज ते पान लिहिलं गेलंच पाहिजे होतं. हे मी शाळेच्या पायऱ्या चढताना स्वतःला बजावलं. आज फक्त पान. बोटांचं उद्यापासून बघू, हळूहळू सोडवू, जे बांधलंय ते सोडवताही येतं. सगळं अगदी मुद्देसूद. पण डोक्यात एकदा किडा शिरला की तो मुद्दे ऐकतो होय? वर्गात गेले, खिडक्या उघडल्या, बंद केल्या. खडू सगळे एका लांबीचे मोडत बसले. मला ती खाट दिसत होती, जी मी पाहिलेली नाही. खाटेवर पाठ न हलवता पडलेली बाई, सांग बाळा. आणि ही पोरगी, जी कधी काळी दारातूनच भिजलं, हसला, एकच आहे म्हणून ओतून मोकळी व्हायची, ती आईपुढे तोंड मिटून उभी, कारण एका बोटावर लावायला तिच्याकडे काही नाही. तिला सांगायचं काय होतं? 'का' तेवढं माहीत नसेल, पण बाकीचं होतं ना हातात? आधी ती गोंधळ घालायची, पण सांगायची. मी गोंधळ काढला. सोबत आणखी काय काढलं ते मी बघितलंच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई मला लहानपणापासून ऐकवत आली आहे आणि मी दर वेळी म्हणत आले, बैल आहे कुठे आपल्याकडे.

मधल्या सुट्टीत आईचाच फोन आला. आम्ही दोघीच राहतो, मी आणि आई, आणि घरात काहीही झालं की तिला ते मला लगेच सांगायचं असतं, मी कुठेही असले तरी. "अगं तो म्हणतो पाइपच गंजलाय," तिने सुरू केलं. "मी म्हटलं, मग तेव्हा नाही का दिसला? तर हसतो मेला. आता ती खालची वर येऊन गेली, तिच्या गादीपर्यंत गेलं म्हणे, मी काय मुद्दाम केलं? लादी पण उचकटणार." मी डोळे मिटले. माझ्या तोंडून गेलंच, "आई, आधी कोण ते सांग." मग आई म्हणाली, "कोण काय कोण? ऐक तर खरं. तुझी शाळा तिकडे." आणि पुढे चालू. न्हाणीघरातला पाइप, नळ दुरुस्त करणारा, खालच्या मजल्यावरची शेजारीण, तिच्या छतातून गळलेलं पाणी, सगळं हळूहळू आपापल्या जागेवर येत गेलं, आणि मधेच ती म्हणाली की ते सगळं पाणी बघून तिला एकदम भीती वाटली, बादली कुठे आहे तेच आठवेना, आपण म्हातारे झालो असं वाटलं. हे ती कुठल्या बोटावर बोलली? मी विचारलं असतं, आई, शेवटी कसं वाटलं, तर ती म्हणाली असती, कसं वाटायचंय, लवकर घरी ये. फोन ठेवला. कानात आईचा आवाज होता आणि समोर, व्हरांड्याच्या टोकाला, हात धुवायच्या नळाशी भिंगरी उभी होती, ओले हात हवेत धरून, वाळायची वाट बघत.

तिथे मी गेले नसते तर. हे वाक्य मी नंतर दिवसभर मनात घोळवलं आणि त्याला काही अर्थ नाही, कारण मी गेलेच. उद्या सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. रात्र मधे गेली असती, पान साहेबांच्या पिशवीत गेलं असतं. पण मला त्या चौथ्या बोटाने छळलं होतं आणि मला ते माझ्या अंगावरून काढून टाकायचं होतं, आत्ता, या क्षणी, खरकटा हात धुवावा तसं. मी तिच्यापाशी खाली बसले. तिचा ओला हात हातात घेतला. म्हटलं, "भिंगरे, ऐक. एखादं बोट रिकामं राहिलं तरी चालतं." तिने माझ्याकडे बघितलं. मग हाताकडे. "चालतं?" तिने विचारलं. "चालतं," मी म्हटलं. इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू. मी हसलेसुद्धा. तिच्या कपाळावर एक आठी आली. ती माझ्या चेहऱ्याकडे आणि स्वतःच्या हाताकडे आळीपाळीने बघू लागली आणि तिचं तोंड काहीतरी विचारायला उघडलं, पण तेवढ्यात शिपाई मावशी आल्या, "चला गं, साहेब बसलेत," आणि तिला दंडाला धरून घेऊन गेल्या. ती जाताना मागे वळून बघत होती. मला वाटलं, घाबरली असेल.

परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने मागच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. साहेबांना मी बरीच वर्षं ओळखते. माणूस सरळ आहे, आवाज मऊ, पोरांना दरडावत नाही. त्यांनी विषय सांगितला, घरी घडलेली एक गोष्ट, कागद दिला, पेन्सिल दिली, आणि चष्मा पुसत खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे पोरीला आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटू नये. मला तिची पाठ आणि डावा हात दिसत होता. तिने हात बाकावर पसरला. अंगठा धरला. सोडला. पुढचं धरलं. सोडलं. मधलं. चौथं. मी मनात म्हटलं, सोड ते, दे सोडून, पुढे जा. तिने ते सोडलं, करंगळी धरली, आणि माझा श्वास मोकळा झाला. पण पेन्सिल उचलली नाही. हात मिटला आणि पुन्हा उघडला. आता तिने अंगठा आत दुमडला आणि उरलेल्या चार बोटांकडे बघत बसली. मग अंगठा बाहेर काढला, पुढचं बोट दुमडलं, पुन्हा चार बोटांकडे बघत बसली. मला काही कळेना. हे मी शिकवलेलं नव्हतं. मधलं दुमडलं, ते एकटं दुमडेना, शेजारचं पण वाकायला लागलं, तिने दुसऱ्या हाताने शेजारचं सरळ करून धरलं. बाहेर कुणीतरी बाक ओढत नेत होतं, त्याचा आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. तिने पेन्सिल उचलली, एक शब्द लिहिला, हात दुमडून बघितला, शब्द खोडला. आणि मग मला कळलं. मी तिला एक बोट रिकामं ठेवायला सांगितलं होतं. कुठलं ते सांगितलं नव्हतं.

नंतरचं मी नीट सांगू शकणार नाही. मी उठायला गेले आणि बसले. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता: चौथं. नुसतं बोट वर केलं असतं तरी ती समजली असती; ती मागे वळली असती तर. ती वळली नाही. नियम तिलाही सांगितलेला होता, परीक्षेत मागे बघायचं नाही, आणि तिने तो जसाच्या तसा पाळला. मी खोकले. पुन्हा खोकले. साहेब म्हणाले, "बाई, पाणी हवंय का?" मी नको म्हटलं. मला स्वतःचा इतका संताप आला होता की त्या बाकाची फळी मी नखांनी खरवडत होते. चांगलं करायला गेले. नाही, खोटं, मला हलकं वाटावं म्हणून करायला गेले. त्या पोरीला मी सकाळपर्यंत जे शिकवलं होतं ते निदान पुरं शिकवलं होतं. आज तिला अर्धवट काहीतरी देऊन पाण्यात ढकलली. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "झालं का बाळ? दे बघू."

कागद त्यांनी मला बाहेर आणून दाखवला. भिंगरी अजून आत चपला घालत होती. खोडून खोडून कागद मधे पातळ झाला होता. वाचता येईल असा एकच शब्द होता, घरी. "बाई, यावर मी काय मांडू?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तिला येतं, साहेब. तिची पानं आहेत माझ्याकडे, किती तरी. आज माझ्यामुळे." ते म्हणाले, "तुमच्या पानांना मी नाही म्हणत नाही. पण ती तुमच्या खोलीत लिहिलेली. मला जे समोर दिसलं तेच मांडावं लागतं." मी म्हटलं, "पुन्हा एकदा बसवा. उद्या बसवा. आत्ता बसवा." त्यांनी मान हलवली. कठोरपणाने नाही, मला वाटतं त्यांनाही वाईट वाटत होतं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. "पुढच्या सत्रापासून पुलापलीकडे जाऊ दे. तिथे ताण नाही. वर्षाने बघू पुन्हा," म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलवायला आत गेले. वर्षभर बटणं. वर्षाने कोण बघतंय? तिथून परत आलेलं एकही मूल मला माहीत नाही.

व्हरांड्यात तिचा बाप येऊन उभा होता. काच पोचवून आला असावा, हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. मला बघून हसला. "झाली का बाई? कशी गेली?" मी तोंड उघडणार तेवढ्यात भिंगरी बाहेर आली. बापाकडे बघितलंही नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लालबुंद. मी तिला इतक्या दिवसांत रागावलेली कधी पाहिली नव्हती. सगळ्याच पानांवर छान वाटत असे ना.

"तुम्ही म्हणालात रिकामं चालतं," ती म्हणाली. "कुठलं नाही म्हणालात. मी विचारत होते. हे ठेवलं मग कोण नाही, कोण नाही मग कुणाचं लिहू? हे ठेवलं तर घर गेलं. सगळी ठेवून बघितली. वेळ संपली. तुम्हाला माहिती होतं मला फळा पाहिजे, मी सांगितलं होतं, पुलावर. आईच्या वेळी पण संपली वेळ. नर्स आली. मला सांगायचं होतं ना तिला, मी भरत होते, भरत नव्हतं, मग तुम्ही आज सांगता चालतं. आज का? तेव्हा नाही सांगितलं. आई वाट बघत होती. नळ चालू होता, मोठा, भांडं नव्हतंच खाली, बाबा असे ओट्याला धरून, मी आले तरी कळलं नाही, खांदे असे असे, मग नळ बंद केला, तोंड पुसलं, म्हणाले काय गं झोपली नाहीस? का ते मला नाही माहिती. मी किती वेळा धरलं. का रडत होते माहिती नाही म्हणून नाही सांगितलं, आणि तुम्ही म्हणता चालतं."

हात तिचे दोन्ही बाजूंना लोंबत होते. बोटांकडे तिचं लक्षच नव्हतं. एवढं सलग मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, आणि माझी जित्याची खोड बघा, पहिला विचार आला तो हाच की हे सगळं आहे की, कोण, कुठे, काय, धावत जाऊन कागद आणावा. साहेबांच्या खोलीचं दार बंद झालं होतं. मी बापाकडे बघितलं. सकाळचं ते हसू अजून त्याच्या तोंडावर होतं, पण आता त्याला आधार नव्हता. तो म्हणाला, "अगं, कांदा चिरत होतो मी तेव्हा."

"कांदा नव्हता," ती म्हणाली. आता ती त्याच्याकडे वळली. "काहीच चिरत नव्हतात. सुरी पण नव्हती."

मग तिथेच, व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, तो फरशीवर बसला, तिच्या उंचीला आला. मला वाटलं, आता सांगितलंच पाहिजे. या माणसाला खरं काय झालंय ते माझ्या तोंडून कळलं पाहिजे, साहेबांच्या कागदावरून नव्हे. मी म्हटलं, "दादा, तिचं पान कोरं गेलंय. तिची चूक नाही. मी आज तिला नको ते सांगितलं, त्यामुळे पुढच्या सत्रापासून तिला..."

त्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला. "बाई, जरा थांबा," तो म्हणाला. "तिचं बोलून होऊ दे."